शेडचं कुलूप आणि आमचे बिबडे

सोम. २१ एप्रिल
सगळ्यांच्या आधी कोण यावी? कोकिळा! स्वतःच्या घरी ज्वारीचे बिबडे थापायचे असले की हिला ऊन चढल्यावर जाग येते, आज माझ्या दारात उजाडायच्या आत हजर. मागून बाकीच्या. आज पाळी माझ्या घरची. ज्वारी तीन दिवस भिजलेली, घाटा शिजला की तो कोणासाठी थांबत नाही. धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट छपरावर, खाटा, खाटांवर ओली लुगडी, ओल्या हातानं पापडासारखे थापत गेलो. नातीनं वाटीभर गरम घाटा तेल घालून खाल्ला, पांढऱ्या मिशा घेऊन गल्लीभर हिंडली. हसून पोट दुखलं.
(सून सुनंदाला आता नुसतं सु. लिहीन, मला ती आत्या म्हणते. चौथी पास बोटं, दुखतात.)
दुपारी आमच्या पापडाच्या शेडच्या साहेबाचा फोन. शेडला पैसे देणारे परदेशचे पाहुणे येऊन गेले! सांगितले होते उद्याचे. शेडला कुलूप. साहेब सु.ला म्हणे, "बाया गेल्या कुठं?" ती म्हणाली, "आत्यांच्या घरी, कामावर." "पगारी?" "नाही, एकमेकींकडे पाळीनं." साहेबानं फोनच ठेवला.

मंगळ. २२
पाहुण्यांनी लिहून नेलं म्हणे, बायांना कामाची गरज दिसत नाही. गरज!! गिरणामाय पूर येऊन घरात शिरली त्या साली शेळ्या गेल्या, सु.चं शिलाई मशीन गेलं. मग ह्याच लोकांच्या पैशानं शेड झाली. बाया तिथं बिबडे-पापड करतात, माल जळगावला जातो. शेड नसती तर मुलगा-सून नातीला घेऊन सुरतेला गेले असते. उपकार मी विसरले नाही. पण शेडच्या दारातून माझं धाबं दिसतं हो! मान वर करायची होती फक्त. मान वर करायला काय विमान लागतं?

गुरु. २४
साहेब आला. चहा दिला, बोलणी पण दिली.
"अक्का, कामाच्या दिवशी घरचं काम कशाला काढलं?"
म्हटलं, "ऑर्डर रविवारीच पुरी केली. आणि आम्हाला हे शिकवलं कोणी? तुमची पुण्याची बाई हातमोजे घेऊन आली, घाटा मोज्यालाच चिकटला. आम्ही एकमेकींच्या धाब्यावर शिकलो."
कोकिळा मधेच, "साहेब, तुमना पाव्हणास्ले आधी एक बिबडं खावाडा, मंग इचारा!"
आधी खाऊ घाला म्हटल्यावर तो हसला. पण जाताना म्हणाला, ते पुन्हा येणार, आणि आता कुलूप दिसलं तर मदत बंद, शेड बंद. सु.नं कप उचलले.

शनि. २६
पाहुण्यांचा दिवस ठरला. बुध. ३०. कॅलेंडर पाहिलं. आखाजी, आमची अक्षय्य तृतीया!! अख्ख्या खान्देशात त्या दिवशी सून सासरी सापडेल का? शेडच्या निम्म्या बाया माहेरी. सु.ची पिशवी भरून ठेवलेली, चाळीसगावला झोका बांधलाय तिच्या भावानं. साहेबाला फोन केला, तारीख फिरवा. "अक्का, तिकिटं झालीत."
सु. हळूच म्हणाली, "मी राहते, आत्या."
तिच्यावरही ओरडले. तिची आई उंबऱ्यात उभी राहील त्याचं काय? वर्षाला एक आखाजी. राग कोणाचा, निघाला कोणावर.

रवि. २७
सकाळीच धुळ्याहून लेकीचा फोन, रेखाचा. मंगळवारी येते. आणि डोक्यात उजेड! सुना जातील, पण गावच्या लेकी येतील की! त्यांचे हात ह्याच धाब्यांवर तयार झालेत. लगेच ज्वारी भिजत घातली, बुधवारला बरोबर होईल.
सु. म्हणाली, "आत्या, रजिस्टरात नावं आमची."
"सरळ सांगू पाहुण्यांना, त्या सुना, ह्या लेकी. समजलं तर समजलं."
शेडची किल्ली तिनं माझ्या कमरेला खोचली. पिशवी पुन्हा दाराशी ठेवली.
आता एकच. लेकी माहेरी येतात त्या झोक्यावर बसायला. कामाला बसतील का, हे अजून एकीलाही विचारलं नाही. रेखाला फोनवर सांगणार होते, ती आनंदात होती, माझ्याच्यानं बोलवलं नाही.
बुध. ३०, सकाळी अकरा. पाहुणे येतो म्हणालेत.