बाजरीच्या नूडल्सची उकड

कर्जत, मंगळवार

प्रार्थनाचे पप्पा,
तुम्हाला प्रभूमध्ये सलाम.

मी बरी आहे, जेवणही चांगलं मिळतं. डोकं मात्र रोज उठतं.

इथल्या ट्रेनिंगमध्ये मैद्यात बाजरीचं पीठ घालून नूडल्स करायला आम्हा बायकांना शिकवतायत. शिकवणारे साहेब गार पाण्यातच पीठ मळायला लावतात, आणि मशीनमधून नुसते तुकडे पडतात. तीन दिवस मी सांगतेय, "साहेब, बाजरीला चिकटपणा न्हाई. भाकरीला घेतो तसं कढत पाणी घ्या." ते म्हणतात, "मावशी, कागदावर तसं नाही." जन्मात भाकरी थापली नसेल या माणसानं!

काल ते फोनवर बोलत बाहेर गेले. तेवढ्यात मी बाजरीची उकड काढून मैद्यात मळली. हातभर लांब नूडल्स आल्या! साहेबांनी आत येऊन आधी फोटो काढला आणि म्हणाले, "बघा, जमलं ना आपल्याला?" 'आपल्याला' म्हणे!

तुमची शुगर तपासली का? प्रार्थना वेळेवर जेवायला वाढते ना?

आणखी एक. इथल्या बायका म्हणाल्या, "मेरीताई, महिनाभर थांबा, तुमीच शिकवा." तुम्हाला न विचारता मी हो म्हटलं. रागवायचं तर रागवा, पण गोळी चुकवू नका.

तुमचीच,
मेरी