हाली की कलदार

जालना,
१८ ऑगस्ट १९३९

चि. आबाराव यास,

अक्काचा आशीर्वाद. इकडे आम्ही बरे आहोत. तू बरा असशील असे धरून चालते. दर दिवाळीला परभणीहून तुझे कार्ड येते, त्यात तब्येतीचे एक वाक्य असते. त्यावर वर्ष काढायची आता सवय झाली आहे.

शाळेत यंदा सदतीस मुली आहेत. छत दोन ठिकाणी गळते. भुजंगची दाढ काढली, तरी गाडी हाकताना त्याचे बोलणे कमी झालेले नाही. काकासाहेबांना आता दिसत नाही, पण पंगतीत कोणी तूप जास्त घेतले ते त्यांना अजून बरोबर कळते.

आता कामाचे. मी मालमोटार घेते आहे. लहान, मागे उघडी, आणि नवी कोरी. हे वाक्य तू दोनदा वाचशील. वाच.

कापूस आणि मोसंबी गावाहून जालन्याच्या स्टेशनावर आणायला बैलगाडीला पुरा दिवस जातो. बावीस मैल. मोसंबी वाटेत तापते, आणि व्यापारी ती दाबून बघतो व भाव पाडतो. मोटार घेण्याचे कारण हे आहे.

दोन ठिकाणी चौकशी केली. सिकंदराबादच्या एका कंपनीने टाइप केलेले पत्र पाठवले: २७००, रेल्वेचे भाडे वेगळे. दुसरा इथलाच, रामकिसन. पूर्वी बैलबाजारात दलाली करायचा, तोच. आता नव्या जालन्यात मोटारींची एजन्सी घेऊन बसला आहे. दुकानात खुर्च्या आहेत, भिंतीवर मोटारींची चित्रे आहेत, पण माणूस बाजारातलाच राहिला. मी भाव विचारला तर त्याने खांद्यावरचा रुमाल काढून हातावर टाकला आणि हात पुढे केला. बैलाचा भाव रुमालाखाली बोटे दाबून करतात, भोवतीच्यांना कळू नये म्हणून. मग समोर बाई आहे हे त्याच्या ध्यानात आले आणि त्याने जीभ चावली.

"माफ करा बाई. सवय."

मी पिशवीतून पाटी काढली. "इथे लिही."

"पाटीवर? मोटारीचा भाव पाटीवर?"

"अंक येतात ना?"

"शाळेत न्हाई गेलो म्हणून तर दलाल झालो, बाई."

भुजंग दारात बसला होता. तो म्हणाला, "मंग आज गेलास."

रामकिसनने ३००० लिहिले. मी पुसले आणि उठून आले. पहिल्या दिवशी उठून यायचे असते, हे तूच कधीतरी सांगितले होतेस.

म्हणजे एकीकडे २७००, दुसरीकडे ३०००. तुझे मत हवे आहे. तू रोज जिनिंगची मोटार चालवतोस. यंत्राचे मला काय कळणार? काय बघून घ्यावे, कशात फसवतात, ते लिही.

मागच्या हौद्याची लांबी मी साडेसहा फूट मागितली आहे. तयार मोटारींना पाच फूट असते. रामकिसनने विचारले, "मोसंबीला पाय पसरायचेत का?" मी माप पुन्हा सांगितले.

जुन्या गोष्टी काढायला हे पत्र लिहिलेले नाही. कार्ड पाठवलेस तरी चालेल.

अक्का


जालना,
६ सप्टेंबर १९३९

चि. आबाराव,

तुझे कार्ड २९ तारखेला आले. भुजंगच्या नावाने आले. भुजंगला वाचता येत नाही, हे तुला ठाऊक आहे. तेव्हा ते मीच वाचून दाखवावे अशीच तुझी योजना असणार. वाचले.

"स्प्रिंगा पाहून घ्याव्यात. टायर पाच घ्यावेत, चार नव्हे. उतारावर ब्रेक तपासावा. हाली की कलदार, ते आधी लिहून घ्यावे."

वर मायना नाही, खाली सही नाही. भुजंग म्हणाला, "शेवटचं पुन्हा वाचा." मी पुन्हा वाचले. त्यानंतर संध्याकाळपर्यंत तो नुसता बैलांशी बोलत होता.

आधी मोटारीचे सांगते, कारण ते सोपे आहे.

दुसऱ्या दिवशी रामकिसनकडे गेले. पाटीवर त्याचाच आकडा लिहिला, ३०००, आणि विचारले, "हाली की कलदार? निजामाचे रुपये की इंग्रजांचे?"

तो हसला. "कलदार, बाई. मोटार इंग्रजी, मंग रुपये बी इंग्रजीच."

"त्या दिवशी बोलला नाहीस."

"तुम्ही इचारलं न्हाई."

"सात हालीचे सहा कलदार. तुझे तीन हजार कलदार म्हणजे साडेतीन हजार हाली. सिकंदराबादचे सत्तावीसशे कलदार म्हणजे एकतीसशे पन्नास हाली. हे त्यांचे पत्र. भाडे धरले तरी तुझ्यापेक्षा अडीचशेने स्वस्त. आज तार करते."

"थांबा थांबा. जल्दी काय एवढी?" त्याने चहा मागवला. मी घेतला नाही. "बाई, सिकंदराबादची मोटार बिघडली तर सिकंदराबादला ढकलत न्याल का? मी इथं हाये. रात्री-अपरात्री हाक मारा."

"हाक मारायची वेळ येईल अशी मोटार विकतोस?"

भुजंग म्हणाला, "रामकिसन, तू मला एक बैल विकला व्हता. त्यो बी हाक मारल्यावरच उठायचा."

असे तासभर चालले. शेवटी तीन हजार हाली, टायर पाच, ताडपत्री त्यातच. स्प्रिंगा पाहिल्या. ब्रेक स्टेशनाच्या उतारावर तपासला. मी आत बसले होते. पावतीवर 'सिक्का हाली' हे शब्द मी माझ्या हाताने लिहिले, त्याखाली त्याची सही घेतली. ते बरे झाले. परवा, सोमवारी, तो शाळेत धापा टाकत आला: विलायतेत लढाई लागली, आता मोटारी येणार नाहीत, भाव वाढणार, थोडे तरी वाढवून द्या. मी पावती दाखवली. तो म्हणाला, "बाई, तुम्ही बैलबाजारात असत्या तर मी उपाशी मेलो असतो."

पण एक राहिले होते, हौद्याची लांबी. त्याचे म्हणणे, सुतार लावून साडेसहा फूट करायचे तर ऐंशी रुपये वर. मी 'बरे' म्हटले. तो बघतच राहिला. "आठ-आठ आण्यासाठी माझं डोकं खाल्लं, आन् ऐंशीला एक शब्द न्हाई?"

सुताराला माप देण्यासाठी मी सुतळी नेली होती. तिला दोन गाठी मारलेल्या. आपल्या घरच्या बाजेची लांबी. सुतार माप घेत होता तेव्हा भुजंग पुढे झाला, पागोटे काढून बाजूला ठेवले आणि हौद्यात उताणा झोपला. पाय सरळ केले. पुढे बोटांपलीकडे वीतभर जागा राहिली. रामकिसनची माणसे हसायला लागली. भुजंग उठेना. वर बघत म्हणाला, "बाई, लांब घेतली. दहा वरीस उशिरा घेतली, पण लांब घेतली."

मी त्याला ओरडले नाही. तेव्हाच ठरवले की हे पत्र लिहायचे.

पहिल्या पत्रात मी दोन आकडे लिहिले आणि नाणे लिहिले नाही. विसरून नव्हे. तू विचारतोस का, ते मला बघायचे होते. तू विचारलेस. म्हणजे तुला सगळे आठवते. मग आता मी तरी न आठवल्यासारखे किती दिवस करू?

१९२९ सालच्या वैशाखात तू नव्या जालन्यातून एक कागद घेऊन आलास. मालमोटार, २८००. घरात काकासाहेब होते, रखमाजी पाटील होते, ओसरीवर दहा माणसे होती. बाबांच्या पश्चात किल्ल्या माझ्याकडे होत्या. पुण्याच्या मैत्रिणीने मला आठवड्यापूर्वीच मोटारीचा भाव कळवला होता, २४५०. मी तुझा कागद बघितला आणि सगळ्यांसमोर म्हटले, "साडेतीनशेला गंडवला तुला. बैल घ्यायला गेला आणि रुमालाखाली बोट चुकला." लोक हसले. तू म्हणालास, "अक्का, हे तर..." मी म्हटले, "बस. बी. ए. कोण झाले, तू की मी?"

पुण्याचा भाव कलदार. पुण्यात दुसरे नाणे नाही. मी तिथे चार वर्षे राहिले. माझे डोके कलदारातच विचार करायचे. तुझे अठ्ठावीसशे हाली होते. म्हणजे चोवीसशे कलदार. पुण्यापेक्षा पन्नास रुपयांनी स्वस्त सौदा केला होतास तू, आणि तोही एकट्याने.

त्यानंतरचे तुला सांगायला नको, पण माझ्या हाताने एकदा लिहिले पाहिजे. पोळ्याच्या आदल्या दिवशी तुझ्या सगुणाचे दिवस भरले. सुईण आसराबाईने हात टेकले, जालन्याला न्या म्हणाली. दुसरा दिवस पोळ्याचा. त्या दिवशी बैलाच्या खांद्यावर जू ठेवत नाहीत. गावातून कोणी बैल दिले नाहीत. तू आपले बैल सोडवून आणलेस, त्यांच्या शिंगांना रंग लावलेला होता, आणि तुझ्या हाताने जू ठेवलेस. भुजंग हाकत होता. मी मागे बसले होते. गाडीत तिला पाय लांब करता येईनात, म्हणून तिच्या टाचा मी मांडीवर घेतल्या. अकराव्या मैलाच्या दगडापाशी त्या थंड झाल्या. पोर तिच्याबरोबरच गेले.

गावाने म्हटले, पोळ्याला जू लावले त्याचे हे फळ. तेराव्याला तू ओसरीवर उभा राहून म्हणालास, "पाप माझं आहे," आणि ट्रंक घेऊन गेलास. मी तुळशीजवळ उभी होते. अडवले नाही.

तेव्हा मला खरेच ठाऊक नव्हते. दिवाळीच्या साफसफाईत तो कागद हाती आला. उलट्या बाजूला पावती होती: इसार रुपये पन्नास, सिक्का हाली. तू इसारसुद्धा देऊन आला होतास, आणि तो बुडाल्याचे कधी बोलला नाहीस. मी पाटी घेऊन गणित केले. तीन वेळा केले. माझ्या वर्गातली दहा वर्षांची मुलगी ते एका वेळेत करील.

मी सौदा मोडला नसता तर आषाढात मोटार दारात उभी राहिली असती. बावीस मैल दोन तासांत झाले असते.

सगुणा वाचली असती असे मी म्हणत नाही. ते डॉक्टरलाही सांगता येणार नाही. पण तिला पाय पसरून झोपता आले असते. आणि त्या दिवशी कोणाला जू लावावे लागले नसते.

त्या दिवाळीलाच तुला लिहायला हवे होते. लिहिले नाही. गाव तुझ्या जुवाला बोल लावत होते. मला ते सोयीचे पडले. चूक जुवाची असली की माझी राहत नव्हती. दहा वर्षे मुलींना शिकवते आहे की उदाहरण चुकले तर सगळ्यांसमोर फळ्यावर येऊन दुरुस्त करा. गेल्या शनिवारी गावी जाऊन काकासाहेब, रखमाजी आणि आसराबाई, तिघांना एकत्र बसवून तो कागद वाचून दाखवला, दोन्ही बाजू. काकासाहेबांनी कागद हातात घेऊन चाचपला. मग म्हणाले, "आबाला कळवलंस का?" आज कळवते आहे. कागद सोबत ठेवला आहे. तो तुझा आहे.

येत्या बुधवारी, तेराला, पोळा. मोटार मंगळवारी शाळेच्या अंगणात येईल. पोळ्याला ती गावी न्यायची आहे, अकराव्या मैलावरून. त्या दिवशी बैलांना जू नाही. मोटारीला कोणाची हरकत नसावी. भुजंग विचारतो की हिला शिंगे नाहीत, तर रंग कुठे लावायचा. ते तू येऊन ठरव.

रामकिसन आपला ड्रायव्हर द्यायला तयार आहे. मी नको म्हणून सांगितले आहे. तू आला नाहीस तर मोटार अंगणातच उभी राहील, आणि मी तुला पुन्हा पत्र लिहून त्रास देणार नाही. परभणीची सकाळची गाडी दुपारी जालन्याला येते. मंगळवारी मी स्टेशनावर असेन. छत्री काळी, दांडा मोडलेला. तुला ओळखू येईल.

दहा वर्षांपूर्वी ओसरीवर तुझे एक वाक्य अर्धे राहिले होते. ते पुरे करायला ये. मी मध्ये बोलणार नाही.

आकडा चुकलेली, तुझी,
अक्का