आपल्या पायावर उभं राहणारं डेनिम

२ मार्च, सकाळी १०
नात माझ्या खोलीत आली आणि हातात मोबाईल नव्हता. म्हणाली, आजी, मला डेनिमचं जॅकेट शिवून देशील का? अठ्ठावीसला शाळेच्या कार्यक्रमात ती एकटी व्हायोलिन वाजवणार आहे. रेडिमेड जॅकेटच्या बाह्या तिच्या मनगटाच्या वरच थांबतात. हात लांब आहेत. माझ्या बाजूचे.
दोन वर्षांत या मुलीनं माझ्याकडे चार्जर सोडून काही मागितलेलं नाही. मी शब्दकोड्यातून मान वर न करता बघू म्हटलं. कोडं कालच सुटलेलं होतं.
निश्चय: वीस तारखेला जॅकेट तयार. पुढचे आठ दिवस कौतुक ऐकण्यासाठी मोकळे ठेवायचे.

३ मार्च
सूनबाई म्हणाली, आई, आधी जुन्या चादरीचं एक शिवून बघू या का, अंदाज येईल. मी तिला शांतपणे सांगितलं की कॉन्व्हेंटमध्ये सहा वर्षं शिलाईच्या सिस्टरांच्या हाताखाली काढलेल्या बाईला चादरीचा अंदाज लागत नाही. ट्रे-क्लॉथला दुसरं बक्षीस होतं. पहिलं जिला मिळालं तिची मावशी शाळेत शिकवायची, एवढंच लिहून ठेवते.
मशीनवरचं कव्हर काढलं. त्यावरच्या कुंड्या यांनी उचलल्या. अकरा वर्षं तिथं होत्या, असं त्यांनी उगाच मोजून सांगितलं.
यांचा तो जुना डेनिमचा शर्टही दिसला. बावीस वर्षांचा, कोपरांवर पांढरा पडलेला, धुऊन धुऊन रुमालासारखा मऊ झालेला. याचं फडकं करा म्हटलं. हे लगेच बरं म्हणाले. इतक्या चटकन हे कधी ऐकत नाहीत.

५ मार्च
कापडाचं दुकान. दुकानदार वयानं माझ्या मुलाएवढा, आत्मविश्वास माझ्या ऑफिसातल्या साहेबांएवढा. विचारलं, काय शिवायचंय? जॅकेट म्हटल्यावर त्यानं एक आठ औंस वजनाचं, हलकं डेनिम पुढे टाकलं. म्हणे घरच्या मशीनला हेच झेपेल, थोडं ताणलं जातं, हात मोकळे राहतात.
मी सिस्टरांची परीक्षा लावली. कापडाची घडी काउंटरवर काठावर उभी करायची. उभी राहिली तर कापड, आडवी झाली तर बँडेज. आठ औंसवालं लोळलं. दहावालं गुडघ्यात वाकलं. शेवटी वरच्या फळीवरून त्यानं चौदा औंसाचं, कारखान्यातून आलं तसं कोरं डेनिम काढलं, शिडी लावून, नाराजीनं. ते उभं राहिलं. दोन मिनिटं राहिलं. मागे उभ्या असलेल्या बाईनंसुद्धा पाहिलं.
दुकानदार म्हणाला, मॅडम, हे कापड बॅगेला जातं. मी म्हटलं, आज जॅकेटला जाणार आहे. एकतीस वर्षं जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीत बसले. समोरच्याला नको ते गळ्यात मारताना मी ओळखते.
जाताना त्यानं आणखी एक सल्ला दिला. बेतण्याआधी दोनदा गरम पाण्यात धुवा, आटतं आणि रंग सोडतं. विकायच्या आधी स्वतःच्याच मालाची बदनामी. असा माणूस धंद्यात टिकतो कसा?

७ मार्च
कापड धुतलं नाही. नवं कापड धुवायचं म्हणजे नव्या वहीची पानं आधी खोडरबरानं घासायची. सूनबाई म्हणाली, दुकानदारानं सांगितलं होतं ना? यांनी घरी येऊन सगळं सांगितलेलं दिसतं. मी यांना पिशवी धरायला नेलं होतं, वार्ताहर म्हणून नाही.

९ मार्च
नातीचं माप घेतलं. बाही चोवीस इंच. तिला हात खाली सरळ सोडून उभी केली, सिस्टर करायच्या तशी. ती म्हणाली, आजी, वाजवताना हात असा असतो, आणि कोपर वाकवून दाखवला. मी म्हटलं, मापाच्या वेळी वाजवायचं नाही.
कापड बेतलं. कात्रीनं अंगठ्याला फोड आणला. कात्री बोथट आहे.

१२ मार्च
सुया मोडल्या: तीन. त्यातल्या एकीचं टोक यांच्या चष्म्याच्या काचेवर लागलं. चष्मा असतो कशाला.
मशीनचा मेकॅनिक आला. सुई बघून म्हणाला, ताई, ही अकरा नंबरची, मलमलीची. जीन्सची सोळा नंबरची घ्या, आणि एवढे पदर एकावर एक नका घालू. मी म्हटलं, मशीनच्या पोटात बघा, सुईच्या नाही. त्यानं तेल घातलं आणि निघताना यांच्याशी दारात बराच वेळ हळू बोलला.
सूनबाईनं संध्याकाळी सोळा नंबरच्या सुया आणून टेबलावर ठेवल्या. मी पाहिल्या नाहीत. एक लावली, पण पाहून नाही.

१४ मार्च
खांद्याच्या जोडावर आठ पदर येतात. मशीन तिथं आलं की घसा खाकरतं आणि थांबतं. उपाय सापडला: जोड हातोडीनं ठोकून चपटा करायचा. हे ठोकतात, मी शिवते. खालच्या मजल्यावरचे गृहस्थ विचारायला आले, फरशी बदलताय का? हे म्हणाले, नाही, जॅकेट शिवतोय. गृहस्थ हातोडीकडे बघत बघत जिना उतरले. शिलाईत एकंदर पुरुषांना गतीच नसते.

१७ मार्च
दिवाणखान्यातल्या क्रीम सोफ्यावर मी जिथं बसून काज करते तिथं निळा डाग आहे. डागाला माझा आकार आहे, असं सूनबाई म्हणाली नाही. फक्त त्याकडे बघून माझ्याकडे बघितलं. माझी दहाही बोटं निळी. भाजीवाल्यानं सुटे पैसे माझ्या तळहातावर वरून सोडले. काही साथीचा आजार असेल असं वाटलं असावं.
सोफ्याचं कापड मुळातच हलकं. उभं राहिलं नसतं.

२० मार्च
वीस तारीख ठरल्याप्रमाणे आली. एक बाही ठरल्याप्रमाणे आली नाही. डावी बसवली ती उजवी निघाली. उसवताना लक्षात आलं की टिपा फार पक्क्या आहेत, म्हणजे काम उत्तम आहे.

२४ मार्च, दुपार
जॅकेट पूर्ण. जमिनीवर ठेवलं. उभं राहिलं. आत कोणी नसताना, कॉलर ताठ, बाह्या बाजूला. मला सिस्टरांची आठवण झाली, डोळ्यांत पाणी आलं. हे बाथरूममधून आले आणि दचकले.
नातीनं घातलं. बाही बरोबर मनगटावर. मी दोन पावलं मागे जाऊन बघत राहिले. मग तिनं व्हायोलिन हनुवटीखाली घेतलं. म्हणजे घ्यायला गेली. कोपर वाकेना. तिनं दुसऱ्या हातानं पहिला हात वाकवून दिला, तर तो तसाच राहिला आणि पुन्हा सरळ करायला सूनबाई लागली. काढलं तेव्हा मानेभोवती निळा पट्टा.
नात म्हणाली, आजी, मस्त आहे, जरा वापरलं की मऊ होईल. हे तिनं मला समजवायच्या सुरात म्हटलं. या घरात तो सूर माझा आहे.

२५ मार्च
ठीक आहे. धुते. दुकानदाराचं ऐकून नव्हे. स्वतंत्रपणे. गरम पाणी, दोनदा. बादलीत शाईची बाटली फुटल्यासारखं. सूनबाई म्हणाली, आई, शिवून झाल्यावर आटलं तर? मी म्हटलं, चांगलं कापड आटत नाही.

२६ मार्च, सकाळ
बाही साडेएकवीस इंच.
टेप तपासली. टेप बरोबर आहे.

२६ मार्च, संध्याकाळ
नातीनं घालून बघितलं. बाही रेडिमेडपेक्षाही वर. कोपर अजून वाकत नाही. ती नुसती मला टेकून बसली, डागावर. मला म्हणायचं होतं, उद्यापर्यंत नवं शिवते. तोंडातून निघालं, तू वाढतेस फार भरभर.
ती बरं म्हणाली. सरावाला गेली. तिच्या खोलीचं दार लोटलेलं होतं आणि एकच ओळ ती पुन्हा पुन्हा वाजवत होती. मी बराच वेळ बाहेर उभी होते. झाडायचं होतं.

२८ मार्च, दुपारी ४
तो शर्ट. यांचा. फडकं झालंच नव्हतं. बावीस वर्षांचा, कोपरांवर पांढरा, मुळात आठ औंसाचा असावा असं सूनबाईनं हात लावून सांगितलं. नातीला जॅकेटासारखा बसला. हे उंच, बाह्या लांब. तिनं व्हायोलिन लावलं, हात पाण्यासारखा वळला.
मी शर्ट टेबलावर काठावर उभा करून पाहिला. कोसळला.
उजव्या मनगटाचं बटण नव्हतं. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी लावलं. साध्या हातसुईनं, मान आखडेपर्यंत, बारा टाके.

२८ मार्च, रात्री ८
बटण टिकलं. मी पूर्ण वेळ बटणच बघत होते, त्यामुळे वाजवणं कसं झालं ते नीट सांगता येत नाही. शेवटी लोक उभे राहिले आणि मला काही दिसेना, तेव्हा चांगलंच झालं असावं.
बाहेर संगीताच्या बाईंनी विचारलं, जॅकेट छान आहे, कोणी शिवलं? नात म्हणाली, आजीनं. यांनी आकाशाकडे बघितलं. सूनबाईनं पर्समध्ये काहीतरी शोधलं. मी थँक यू म्हटलं. बटणापुरतं ते खरं आहे.

३० मार्च
खऱ्या जॅकेटला बाल्कनीत जागा दिली आहे. तिथं ते आपल्या पायावर उभं आहे, कबुतरांकडे रोखून बघत. काल दिवसभर एकही कबूतर फिरकलं नाही. दुकानदाराला हे सांगायला हवं. चौदा औंसाचा नेमका उपयोग त्याला कधी कळलाच नव्हता.
नातीला पुढच्या महिन्यात पँट हवी असेल. तिनं तसं म्हटलेलं नाही. कापडाचा विचार मात्र सुरू केला आहे.

३१ मार्च, सकाळी ७
कबूतर बसलं आहे. डाव्या खांद्यावर, जिथं आठ पदर आहेत. घरटं बांधतंय. मऊ जागा शोधत असेल तर चुकलंय, पण सांगून ऐकणारं दिसत नाही.