ढोलीतले नऊ क्विंटल

प्रिय प्राची,

'प्रिय' लिहिलं ते सवयीनं. फुलचूरच्या खोलीत तीन वर्षं आपण एकाच पातेल्यात भात शिजवला, तेवढ्यापुरता तो शब्द ठेवून घे. तुझा निरोप मिळाला. पुढच्या महिन्यात तुझी नवी बॅच येते आहे, पंधरा कार्यकर्ते, आणि सरावासाठी तुला पुन्हा आमचीच टोली, आमचा तो लहानसा पाडा, हवी आहे. शक्यतो माझ्या आईचंच घर, कारण 'रुख्माबाईंकडे केस फार छान समजते'. खाली हसरा चेहराही टाकलास. फोन केला असता तर मी दोन शब्दांत उत्तर दिलं असतं, आणि ते दोन शब्द मला कागदावर लिहिता येत नाहीत. म्हणून पत्र लिहिते आहे.

तुझं शिकवणं वाईट होतं असं मी म्हणणार नाही. गेल्या वर्षी जानेवारीत अर्जुनी मोरगावच्या त्या हॉलमध्ये तीन दिवस मी पहिल्या रांगेत बसले होते. घरात अन्न कुठून येतं, कमाई कशातून होते, धान किती महिने पुरतो, मोहफूल आणि तेंदूपत्त्यावर किती दिवस निघतात, तलावातल्या मासोळीचा वाटा किती, पाऊस दगा देऊन गेला तर माणसं आधी काय सोडतात आणि शेवटी काय. गरिबातलं एक घर नीट समजून घ्यायचं, तशाच बाकीच्या घरांना ते लावून बघायचं, म्हणजे दुष्काळ दारात येण्याआधी कुणाला किती लागेल ते कळतं. मला ते पटलं होतं. आमच्या टोलीचं कुणीतरी एकदा नीट ऐकून घेणार असं वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी तू सगळ्यांना म्हणालीस की स्थानिक कार्यकर्त्यांवर नजर ठेवा, आपलं गाव जास्त गरीब दाखवायची त्यांना खोड असते. आणि माझ्याकडे बघून हसलीस. बाकीचे अकरा जणही हसले. मीही हसले. ते हसू मी अजून विसरलेले नाही, प्राची. तुझ्या ते लक्षातही नसेल.

तिसऱ्या दिवशी तुम्ही सगळे आमच्या अंगणात होतात. आईनं सकाळीच शेजारच्या शामकलाकाकूकडून तांदूळ आणले होते, कारण तेरा पानं वाढण्याइतके आमच्या घरात नव्हते. ते उसने तांदूळ तुम्ही 'घरचं अन्न' मध्ये धरलेत. ते जाऊ दे. आत शेणमातीनं लिंपलेली बांबूची ढोली होती, माणसाच्या छातीइतकी उंच, काठोकाठ धानाची. नागपूरचा तो हिमांशू टेप लावून तिची उंची आणि घेर मोजू लागला. आई म्हणाली, "आहे न बाप्पा. कायले मोजून राहिले? जेवून घ्या आधी." त्यानं विचारलं, सगळा धान तुमच्याच घरात असतो का? आई म्हणाली, हो. ती खोटं बोलली नाही.

तो धान खायचा नव्हता. टोलीतल्या बावीस घरांचं ते बियाणं होतं. आमच्याकडे बियाणं कुणी स्वतःच्या घरात ठेवत नाही. पोरं भुकेनं रडली की हात तिकडे जातो, म्हणून ते दुसऱ्याच्या स्वाधीन करायचं. आमचं घर उंचावर आहे, ओल येत नाही, आणि आजीच्या वेळेपासून हा मान आमच्याकडे आहे. ज्याच्याकडे बियाणं ठेवलं त्यानं ते कुणाचं आणि किती हे परक्यापुढे बोलायचं नसतं. पेरणीआधी देवापुढे काढेपर्यंत ते नुसतं असतं. म्हणून आई 'आहे' म्हणाली, आणि कागदावर नऊ क्विंटल चढले: घरचं धान्य, खाण्यासाठी.

तू म्हणाली होतीस की हा नुसता सराव आहे, कागद फाडून टाकू. फाडले नाहीस. तुमच्या संस्थेनं तालुक्याची दुष्काळ योजना केली तेव्हा आमच्या टोलीचा दुसरा कागदच नव्हता, म्हणून तोच लावलात. मग गेल्या ऑगस्टच्या शेवटी पाऊस गेला तो परत आला नाही. तलावाचं पाणी आमच्या बांधापर्यंत पोचलं नाही, धान पोटरीत, लोंबी बाहेर पडण्याआधीच वाळला. सखल तुकड्यांत जो थोडा पिकला, तो सगळ्यांनी आधी बियाण्यासाठी आमच्या ढोलीत आणून ठेवला. बाकीच्या गावांना धान्य आलं. आमच्या नावापुढे लिहिलेलं होतं की या टोलीतली गरीब घरंही जुन्या साठ्यावर पुढचा पावसाळा गाठतात, मदतीची गरज नाही. रेशनचे माणशी पाच किलो किती दिवस जातात हे तूच फळ्यावर लिहून दाखवलं होतंस.

फेब्रुवारीत टोलीतला बकाराम आला. त्याच्या घरी दोन लहान पोरी आहेत. रिकामी टोपली घेऊन अंगणात उभा राहिला. आईनं टोपली पाहिली. ती आत गेली, ढोलीचं तोंड फोडलं आणि त्याचं बियाणं त्याला मोजून दिलं. त्या दिवशी ती जेवली नाही. नंतर एकेक घर येत गेलं. सगळ्यात शेवटी तिनं आमचं काढलं. आता ढोलीत हात घातला तर तळाची माती लागते. जूनमध्ये रोपांसाठी पऱ्हे टाकायला बावीस घरांत मूठभरही बियाणं नाही. शेजारच्या गावाकडे मागावं तर त्यांच्याकडे त्यांच्यापुरतंच आहे.

मागच्या आठवड्यात ग्रामपंचायतीनं तो कागद मागवला. लोकांना कळत नव्हतं की सरकारदरबारी आपल्या घरात धान आला कुठून. आई म्हणाली, माझी पोरगी शिकली आहे, ती वाचेल. मी वाचला. सगळ्या ओळी वाचल्या, शेवटची सोडून. शेवटच्या ओळीत माहिती भरणाऱ्याचं नाव होतं. ते माझं आहे, प्राची. टेप हिमांशूनं लावली, पण रकाना मी भरला. तू सगळ्यांसमोर मला विचारलं होतंस, "धनवंता, तू इथलीच. हे खाण्याचंच धान्य ना?" आणि मी मान हलवली. मला तुला दाखवायचं होतं की मी माझ्या गावाला गरीब दाखवणाऱ्यांपैकी नाही. मला तुझा राग येतो, पण रोज सकाळी आईसमोर बसताना त्याहून जास्त मला माझी लाज वाटते. वाचून झाल्यावर बाकीचे गेले तेव्हा ती एवढंच म्हणाली, "शेवटचं काऊन नाही वाचलं वो?" तिला अक्षर येत नाही, पण मी कुठे थांबले ते तिला कळलं होतं. मी तिला सांगितलं. ती तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही.

पत्रासोबत एक अर्ज आहे. त्यात लिहिलं आहे की तो धान बियाण्याचा होता, तो सरावाचा कागद होता, तो योजनेत लावणं चूक होतं, आणि टोलीला धान्यासोबत बियाणंही मिळावं. माहिती भरणारीची सही मी केली आहे. खाली प्रशिक्षकाच्या सहीची जागा रिकामी आहे, आणि तिच्याशिवाय तो अर्ज कुणी हातात घेत नाही. सोमवारी तालुक्याला बैठक आहे. सही करून पाठवलीस तर तुझीही चूक कागदावर येईल, कदाचित नवी बॅच दुसऱ्या कुणाला देतील. नाही पाठवलीस तर मी बैठकीत उभी राहून हे पत्र वाचणार आहे, या वेळी शेवटच्या ओळीपर्यंत. आणि तुझ्या पंधरा जणांना आण, घर तेच आहे, ढोलीही तीच आहे. त्यांना आत हात घालून बघू दे. फक्त येताना सगळ्यांचे डबे घेऊन ये, रुख्माबाईंच्या घरी आता पाहुण्याला जेवण मिळत नाही.

सोमवारपर्यंत तुझीच,
धनवंता