पाच नंबरचं लिंबू

रविवार, ६ जुलै २००८

आलो एकदाचा जालन्यात. नवीन जालन्यात, स्टेशनपासून चालत सात मिनिटांवर खोली मिळाली आहे. नळाला पाणी आहे, खिडकीला जाळी आहे आणि घरमालक परतूरला राहतात, म्हणजे कटकट नाही. उद्यापासून बियाणे कंपनीत कॉम्प्युटर ऑपरेटर. दिवसभर कपाशीच्या वाणांची नावं टाइप करायची. हे काम माकडही करील, पण माकडाकडे डिप्लोमा नसतो.

औरंगाबादहून निघताना आईने मीठ-मोहरी उतरवलीच. वर शिकवायलाही लागली: परगावी एकटा राहणार, कधी कुणावरून उतरवायची वेळ आली तर कितीदा, कोणत्या हाताने, कुठून कुठे. मी कानात इअरफोन घालून गाणं ऐकत मान हलवत होतो. तिला वाटलं, पोराच्या लक्षात राहिलं. तिच्या आनंदाला तेवढं पुष्कळ झालं.

संध्याकाळी खरी आनंदाची बातमी कळली. बँकेच्या वरच्या मजल्यावर नंदाबाईंचं सायबर कॅफे आहे, सहा पीसी, आणि तिथे 'किल्ला' खेळतात! खेळाचं इंग्रजी नाव लांबलचक आहे, ते इथे कुणाला म्हणता येत नाही. आपली पाच जणांची टोळी, समोर दुसऱ्या गावची पाच जणांची. औरंगाबादेत मी तलवारवाला होतो, नावाजलेला.

बुधवार, ९ जुलै

इथली टोळी बघून हसू आवरेना. कप्तान बद्रीनाथ खताच्या दुकानात बसतो आणि एका हाताने कंबर धरून खेळतो. मच्छिंद्र रिक्षा चालवतो. ऐन लढाईत त्याला खोकल्याची उबळ येते, शेवटी छातीत शीळ वाजते आणि तोवर तो मेलेला असतो. मी त्या शिळेची हुबेहूब नक्कल करून दाखवली. वासरांत लंगडी गाय शहाणी म्हणतात, इथे सगळा गोठाच लंगडा.

तलवारवाले त्यांच्याकडे चार आहेत. हवा होता हीलर. हीलरने मारायचं नाही, मागे उभं राहायचं. कुणाला लागलं की त्याच्या नावावर बटण दाबून त्याची जखम स्वतःच्या अंगावर ओढून घ्यायची. बायकी काम. इथे याला 'उतारा घेणं' म्हणतात आणि हीलरला उतारेवाला. अडला हरी... हो म्हटलं.

हीलरचा आयडी तयारच होता, वाटूरच्या भिवा नावाच्या गड्याचा. तो म्हणे आजारी पडून खेळ सोडून गेला. पाच नंबरच्या पीसीवर सुकलेलं लिंबू, त्याखाली चिठ्ठी, चिठ्ठीवर पासवर्ड. भिवाच्या आईने आणून ठेवलेलं. नंदाबाई म्हणाल्या, "साहेब, ते उतरवल्यालं लिंबू हाय. हात लावू नका, बराबर न्हाई ते." बद्रीनाथने त्यांच्याकडे असं बघितलं की त्या गप्प झाल्या. इंटरनेटला लिंबू! मी ते उचललं, दोनदा वर उडवून झेललं आणि डब्यात फेकलं. चिठ्ठी खिशात घातली. सगळे श्वास रोखून बघत होते. अडाण्यांना कधीतरी धक्का द्यावाच लागतो.

रविवार, १३ जुलै

इंदूरवाल्यांना धुतलं. साठ उतारे घेतले मी. मच्छिंद्र खेळभर एकदाही खोकला नाही. म्हणाला, "लई दिवसांनी मोकळा दम घेऊन राह्यलो, साहेब." चांगल्या माणसाची संगत लागली की असं होतं. माझा घसा मात्र खवखवतोय. या गावची धूळ.

रविवार, २० जुलै

पुन्हा जिंकलो. बद्रीनाथ दोन्ही हात वर करून नाचला. मला खुर्चीतून उठताना कंबरेत कळ आली. खुर्ची भंगार आहे. पण माझ्याशिवाय यांचं पान हलत नाही. 'उतारेवाले साहेब' म्हणत चहा हातात आणून देतात.

भिवा येऊन गेला. आजारी कसला, चांगला धट्टाकट्टा आहे. माझ्या पाया पडला आणि पाच नंबरकडे न बघता जिना उतरून गेला. खुळं गाव.

रविवार, २७ जुलै

आज तमाशाच. टोळीत धोतरवाले आजोबा बसवलेले, माउस उलटा धरून. शेजारी एक मोतीबिंदूवाली बाई. बद्रीनाथ म्हणाला, पाहुणे आहेत, खेळाचा नाद लागलाय. दोघं मैदानात नुसते उभे राहून मार खात होते. हरणं माझ्या रक्तात नाही, म्हणून मी उतारे घेत सुटलो. तरी हरलो. आणि हरूनही सगळे खूश! जाताना ती बाई भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होती.

मला हे लिहिताना ओळी धूसर दिसताहेत.

शुक्रवार, १ ऑगस्ट

डॉक्टर म्हणाले, छातीचा फोटो स्वच्छ आहे. मग खोकला कुठून? आणि पंचविसाव्या वर्षी मोतीबिंदू कसा, हे त्यांनाही सांगता येईना.

खोकल्याच्या शेवटी शीळ वाजते. ही मला पाठ आहे. मच्छिंद्रची आहे.

लिहायलाही लाज वाटते.

रविवार, ३ ऑगस्ट

खेळायला गेलो नाही. बद्रीनाथ घ्यायला आला. जिन्यात लोक ताटकळत बसलेत म्हणे. तुमची दुखणी माझ्या अंगावर घालताय का, असं तोंडावर विचारलं. लाजला नाही. गावातलं कुणी त्या लिंबाला हात लावत नाही, त्याला बाहेरचा शहाणा माणूस लागतो, म्हणाला. 'शहाणा' म्हणताना हसला. महिनाभर मी यांना हसत होतो.

नंतर नंदाबाई भाकरी घेऊन आल्या. आपलं आपल्याला उतरवता येत नाही, म्हणाल्या. आपल्या माणसानं उतरवायचं, मग दुसऱ्या कुणी ते उचललं की सुटका. भिवा असाच सुटला. तुमचं इथं कोण हाय, असं विचारलं.

कुणी नाही. आईला फोन केला.

मंगळवार, ५ ऑगस्ट

आई आली. मी हसण्यावारी नेलेलं सगळं तिने एका शब्दाने काढलं नाही. पाटावर बसवलं, पासवर्डची चिठ्ठी आणि नवं लिंबू हातात घेऊन माझ्यावरून उतरवलं. मी भीतीने डोळे मिटले होते. कितीदा उतरवलं, मोजलं नाही. तिला म्हटलं, पाच नंबरवरच ठेवून ये. कंपनीत परवा नांदेडचा नवा मुलगा येतोय, त्याला मी घेऊन जातो. तिने ते रुमालात बांधलं आणि घेऊन गेली.

बुधवार, ६ ऑगस्ट

खणखणीत! कंबर ताठ. कॅलेंडरवरची बारीक तिथीसुद्धा दिसते. आता त्या नांदेडवाल्याला 'किल्ला' शिकवतो.

आई चुलीपाशी खोकतेय. प्रवासाची धूळ असेल.

शेवटी शीळ—

दुपारी

रुमाल तिच्या उशाखाली होता. कुठे ठेवलंच नाही तिने. म्हणाली, "त्या नांदेडवाल्याला बी माय असंल की रे. दुसरीच्या लेकरावर कसं टाकू? मंग मीच उचललं."

मी तिला बिनडोक म्हणालो. ओरडून. मग तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडलो.

गुरुवार, ७ ऑगस्ट

तिला उठता येत नाही. दम पुरत नाही. डॉक्टर मान हलवून गेले. सगळ्यांचं मिळून माझ्यावर होतं, ते मी तरुण म्हणून मला झेपलं, ती साठीची—

तिचं आपलं माणूस मी आहे. नवं लिंबू आणलं. मी उतरवतो, मीच उचलतो. माझं मला परत.

पण कितीदा? पाच की सात? डोक्याकडून पायाकडे की— नंदाबाई म्हणतात घरोघरची रीत वेगळी, चुकलं तर दुपटीने बसतं. तुमच्या आईनं सांगितलं असंल की, म्हणाल्या.

सांगितलं होतं.

इअरफोनमधलं गाणं आठवतंय. अख्खं. तिचा एक शब्द—

आईला विचारतो. ती हसते आणि नुसती मान हलवते. मी हलवली होती तशी. सांगणार नाही. मी उचलीन, हे कळलंय तिला.

शीळ थांबत चाललीय.

उजवा हात. सात. नाही, पाच— सात. एक. दोन. तीन. आई, हात सोड माझा, आई, मोजू दे, चा—