लिव्याथानच्या एकतीस वह्यांची व्यवस्था

मी, कुलपांचा कारागीर, वय वर्षे शहात्तर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी परवा मला शंभरातून सात-सात वजा करायला लावले, आणि मी त्यांना विचारले की औषधांच्या कपाटाला असले कुचकामी कुलूप का. त्यांनी दाखला दिला. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. प्रत्येक पानावर वर, मध्ये आणि खाली सही केली आहे, म्हणजे मागाहून कोणाला एखादी ओळ घुसवता येऊ नये. याआधीची दोन्ही मृत्युपत्रे रद्द समजावीत. पहिले कोणीतरी चोरून वाचले होते असा मला संशय आहे.

कलम १. दुकान व त्यावरच्या दोन खोल्या मुलीला. जावयाचे नाव कागदावर लागू नये. माणूस चांगला आहे, पण बोलताना खिशातल्या किल्ल्या खुळखुळवतो, आणि अशी माणसे किल्ल्या हरवतात. पुढच्या दाराचे कुलूप बदलू नये. "बाबा, दारापेक्षा कुलूप महाग झालंय," असे मुलगी म्हणते. ते खरे आहे.

कलम २. कानशी, चिमटे आणि किल्ल्या घासायचे यंत्र समोरच्या किल्लीवाल्याला. छोटी गोल कानस यात धरलेली नाही, कारण ती एकोणीस वर्षे त्याच्याकडेच आहे. तो कानांवर हात ठेवतो. मूठ त्याने बदलली असली तरी पात्यावरचा ओरखडा मी ओळखतो.

कलम ३. धाकट्या भावाला मी काहीही देत नाही. पुस्तक नाही, भांडे नाही, आठवण म्हणून एक किल्लीसुद्धा नाही. हे नजरचुकीने राहिलेले नाही. कारण कलम ५ मध्ये आहे.

कलम ४. लोखंडी कपाटातल्या एकतीस वह्या. यांची हकीकत सांगितल्याशिवाय व्यवस्था सांगता येत नाही.

आम्हाला मुलीच्या आधी एक मुलगा होता. नवव्या वर्षी चार दिवसांच्या तापात गेला. पुढच्या महिन्यात माझा धाकटा भाऊ हिब्रू शास्त्र, म्हणजे बायबलचा जुना करार, घेऊन घरी आला. तो धर्मविद्यालयात ती भाषा शिकवायचा. त्या शास्त्रात एका भल्या माणसाची मुलेबाळे जातात आणि तो देवाला जाब विचारतो. देव बोलतो, पण उत्तरादाखल एक जनावर पुढे करतो. लिव्याथान. गळाला न लागणारे, भाल्याला न जुमानणारे, तोंडातून ठिणग्या उडवणारे. खवले इतके घट्ट की मधून वारा जात नाही. त्याच्या तोंडाची दारे उघडणारा कोण आहे, असे देव विचारतो.

"हे काय उत्तर झालं?" मी म्हणालो. "आणि न उघडणारं दार मी अजून पाहिलेलं नाही."

"मग उघड ना, दादा," धाकटा म्हणाला. "भाषा मी शिकवतो."

दर रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलाशी तो मला शिकवू लागला, आणि मी वह्या भरू लागलो. काही पंडितांच्या मते ते जनावर म्हणजे मगर. मला पटले नाही. मगरीच्या कातड्याची पाकिटे बाजारात मिळतात. कोणी म्हणे जुलमी राजा, कोणी म्हणे जग घडण्यापूर्वीचा समुद्र. माझा संशय थेट देवावरच होता. उत्तर टाळायचे असले की माणूस खिडकीबाहेर बोट दाखवतो, तसलाच हा प्रकार वाटे. पण एकोणिसाव्या वहीत मी लिहिले की देव त्या जनावराशी लढतच नाही. तो त्याचा एकेक अवयव सांगतो, काही लपवत नाही. स्वतः घडवलेले कुलूप गिऱ्हाइकापुढे ठेवताना माझा आवाज तसाच होतो. देव शत्रूचे वर्णन करत नव्हता, आपले काम दाखवत होता.

हे मी कोणालाही सांगितले नाही, बायकोलाही नाही. वह्या कपाटात ठेवायचो, त्याला माझ्या हातचे सर्वांत चांगले कुलूप, आणि फटीवर मेणाने चिकटवलेला डोक्यावरचा एक केस.

अकरा वर्षांपूर्वी धाकट्याने विद्यालयात व्याख्यान दिले आणि माझे ते वाक्य जसेच्या तसे म्हटले. मी उठून चालू लागलो. घरी येऊन, कित्येक दिवसांनी कपाट पाहतो तर केस तुटलेला. वह्या मोजल्या, एकतीस भरल्या, एकही वही न उघडता परत कुलूप घातले. संध्याकाळी धाकटा दारात आला. "दादा, मी तुझं कपाट उघडलेलं नाही," एवढेच म्हणाला. मग वाक्य कुठून आले, ते सांगेना. मी दार लावून घेतले. शेजारचा घड्याळवाला व्याख्यानाला शेवटपर्यंत बसला होता. "पुढचंच वाक्य होतं, हे माझ्या दादाचं आहे म्हणून," असे त्याने मला सांगितले. त्यालाही फितवले असणार, असे मी धरून चाललो. चार वर्षांपूर्वी बायको गेली तेव्हा धाकटा मागच्या रांगेत उभा होता. मी पाहून न पाहिल्यासारखे केले.

गेल्या महिन्यात या मृत्युपत्रासाठी यादी करायला कपाट उघडले. एकोणिसाव्या वहीत, माझ्या त्या वाक्याखाली, बायकोचे पेन्सिलीतले अक्षर होते. ते जसेच्या तसे उतरवतो.

"आज केसाच्या पिनेने उघडलं. इतकी वर्षं ह्यांचे हात बघतेय. काय शोधतात ते मला सांगत नाहीत. ही ओळ भाऊजींना विचारली. ते म्हणाले, वहिनी, दादाला बरोबर सापडलंय. कुलूप उघडल्याचं ह्यांना कधी सांगणार नाही, असा शब्द घेतलाय त्यांच्याकडून. ह्यांना फार लागेल. देवाने जनावराचं सगळं सांगितलं, मग आपण आपल्या बाळाचं का नाही? मानेवर भोवरा. पुढचा दात अर्धा. डाव्या पायाची दोन बोटं जुळलेली. झोपेत मूठ मिटलेली, उघडली की परत मिटायची."

मुठीचे मी विसरलो होतो. टेबलाशी बसून मी रडलो. एकतीस वह्यांत त्या मुलाबद्दल मी एक ओळही लिहिलेली नाही.

त्या जनावराचे तोंड मला उघडता आले नाही. मी हरलो, हे लिहून देतो. धाकट्याने शब्द पाळला आणि त्यापायी चोर ठरला, हेही लिहून देतो.

कलम ५. वकील म्हणतात, मृत्युपत्राच्या साक्षीदाराला त्याच मृत्युपत्रातून काही घेता येत नाही. मी दोनदा विचारून खात्री केली, कारण वकिलावर एका खेपेत विश्वास ठेवू नये. वह्या धाकट्याच्या नावे केल्या असत्या, तर तो मी गेल्यावर आला असता. साक्षीदाराला मात्र मी जिवंत असताना, माझ्यासमोर बसून सही करावी लागते. म्हणून त्याला काही दिलेले नाही. वह्या मुलीला. काका मागेल तेव्हा तिने त्या त्याला वाचायला द्याव्यात आणि कपाटाला कुलूप लावू नये.

स्थळ: दुकानावरची खोली, जेवणाचे टेबल.
दिनांक: १९ (अक्षरी एकोणीस) नोव्हेंबर, रविवार, दुपार.

मृत्युपत्र करणाऱ्याची सही: (आहे)
साक्षीदार १: शेजारचा घड्याळवाला. (सही)
साक्षीदार २: माझा सख्खा धाकटा भाऊ. (सही)

नोंद: साक्षीदार क्रमांक दोनला तीनची वेळ दिली होती. तो साडेतीनला आला. उशीर का झाला, ते मी विचारले नाही.