मानलेला पाऊस

सांगली, संकष्टी चतुर्थी, १९९८

आमच्या सुमीला पुण्याच्या एका कंपनीचं कंत्राटी काम मिळतंय. घरी बसून करायचं, आकडे फ्लॉपीवर येणार. उद्या फोनवर होकार कळवायचा, पण तिचे वडील अडून बसलेत. चूक पोरीचीच. समजावताना म्हणाली, "आप्पा, कॉम्प्युटरमध्ये खोटा-खोटा पाऊस पाडायचा आणि धरण किती भरतं ते बघायचं." झालं! हे म्हणाले, "खोटा पाऊस पाडून खरा पगार घेणार व्हय?" पोरगी रडवेली झाली.

खोटा कशाला, मानलेला म्हणावं! मला तर कवठे महांकाळची शाळा आठवली. बीजगणिताच्या तासाला "मानू की क्ष..." लिहिताना काय हुरूप यायचा. न पाहिलेलं धरून चालायचं आणि उत्तर खरं निघायचं. मॅट्रिक झाले, लग्न झालं, क्ष तिथंच राहिला.

शेवटी मीच म्हटलं, "आवं, सकाळी सुपारीला गणपती मानून पूजलात, तो काय खोटा?"

ह्यांनी देव्हाऱ्यातल्या सुपारीकडं बघितलं. मग हळूच म्हणाले, "कर म्हणावं फोन."

मोदकांचं सारण ढवळताना मीही मानून बघितलं, पुढं शिकले असते तर... कॉलेज, वसतिगृह, कुठल्या कुठं गेले. सारण तळाला लागलं.

सुमी ओरडली, "आई, लक्ष कुठंय तुझं?"

काय सांगणार तिला?